कॉम्प्युटर रात्री बंद करायचा की चालू ठेवायचा: कुडाळच्या आमच्या घरातल्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

हा वाद आकड्यांवर सोडवायचा असं आज ठरवलं. घरात तीन मतं आहेत. सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, रात्री झोपण्याआधी घरभर फिरून बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात, त्यात कॉम्प्युटरचंही येतं. मोठी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिचं म्हणणं, बंद कशाला करायचा, स्लीपला टाकायचा, म्हणजे उघडं काम तसंच ठेवून झोपवायचा. आणि बाजारपेठेतला जो मुलगा आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो त्यानं मागच्या आठवड्यात ठासून सांगितलं, "वहिनी, सारखा चालू-बंद करून मशीन जातं. चालूच ठेवा."

आमचं घर या मशीनवर बरंचसं चालतं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, शाळेचे अंक असं डीटीपीचं काम मी घरून करते. मार्च ते मे हा हंगाम. या दिवसांत मशीन दोन दिवस जरी बसलं तरी पत्रिकेचं काम दुसरीकडे जातं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या लग्नालाही तिकडेच जातं. त्यामुळे मला बिलापेक्षाही मशीनच्या आयुष्याची चिंता जास्त आहे.

नोंदीसाठी मशीनची माहिती: २०१८ साली घेतलेला डेस्कटॉप, आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम. मूळची १ टीबीची हार्ड डिस्क अजून तीच आहे, तिच्यावर सगळं जुनं काम. तीन वर्षांपूर्वी १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क बसवली, विंडोज १० तिच्यावर. बावीस इंची मॉनिटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर मशीन चालवणारा डबा.

८ मार्च, शनिवार

प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर आला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये उपकरणाची पिन, एवढंच. किती वॅट चाललेत ते लगेच दिसतं आणि किती युनिटं झाली तेही साठत जातं. सकाळभर एकेक पिन काढून लावून बघत बसले.

कॉम्प्युटर चालू, पण काही काम नाही: ४१ वॅट. पत्रिकेची फाईल उघडून काम करताना ४० ते ६० च्या मध्ये खेळतो, सरासरी ४५ धरली. मॉनिटर १७ वॅट. मॉनिटरचा पडदा काळा झाला की ०.४. स्लीपमध्ये टाकल्यावर कॉम्प्युटर २.४ वॅट. शट डाऊन केल्यावर १.१ वॅट.

हा शेवटचा आकडा पाहून मी थांबले. बंद केलेलं मशीन वीज खातं कसं? मग आठवलं. १९९८ साली मी टायपिंगच्या क्लासात पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला तेव्हा शट डाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची, आणि मग आम्ही डब्यावरचं मोठं बटण खटकन दाबायचो. ते बटण खरोखर वीज तोडायचं. त्यानंतर एटीएक्स पद्धतीचे डबे सगळीकडे आले. त्यात पुढचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त निरोप देतं. तो निरोप ऐकायला कोणीतरी जागं हवं, म्हणून आतला वीज पुरवणारा डबा, म्हणजे सप्लाय, ५ व्होल्टची एक बारीक धार कायम सोडून ठेवतो. १.१ वॅट त्या धारेचे.

९ मार्च, रविवार

आजचा शोध कालच्याहून मोठा आहे. यूपीएसला काहीही न जोडता, नुसता प्लगमध्ये लावून चालू ठेवला: ८ वॅट!

म्हणजे कॉम्प्युटर शट डाऊन करून मी "बंद केला" म्हणून निघून जाते तेव्हा टेबलाखालचा हा डबा झोपलेल्या कॉम्प्युटरच्या तिप्पट वीज खात बसलेला असतो. हात लावून पाहिला, कोमट होता. सात वर्षं तो तसाच कोमट आहे आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी मीटरवरचा आकडा वाचला, काही बोलले नाहीत, पण दुपारी शेजारच्या काकांना तेच सांगत होते.

१६ मार्च, रविवार

पहिला आठवडा संपला. नियम: कॉम्प्युटर अजिबात बंद करायचा नाही. काम रोज साधारण सात तास, उरलेला वेळ मॉनिटर काळा. मीटर यूपीएसच्याही आधी, भिंतीत. आठवड्याची युनिटं ९.३.

बाबांना हे सात दिवस जड गेले. रोज रात्री बोर्डापाशी येऊन थांबायचे. "रातभर ह्यां चालू कित्याक गो?" मी आठवडाभराचा प्रयोग आहे म्हणून सांगायचे.

त्यांची सवय कुठून आली ते गुरुवारी कळलं. त्यांच्या तरुणपणी घरात मोठा रेडिओ होता, व्हॉल्व्हचा. लावला की तापून आवाज यायला वेळ लागायचा. एका वैशाखात रात्री वीज कडाडली, रेडिओची पिन भिंतीतच होती, सकाळी रेडिओतून जळका वास. त्यांच्या वडिलांनी कर्जातून घेतलेला रेडिओ. तेव्हापासून त्यांच्या हाताला हे वळण. मला वाटलं होतं ही बिलाची काटकसर आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. कॉम्प्युटर दिवसभर बंद. नोंद नाही.

६ एप्रिल, रविवार

दुरुस्तीवाल्या मुलाच्या म्हणण्याचा माग काढायचा होता: चालू-बंद करून मशीन खरंच जातं का?

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची जंत्री स्वतःच लिहीत असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम ती उघडून दाखवतो. माझ्या जुन्या डिस्कची: चालू तास १५,९०४. चालू झाल्याची संख्या ५,१२६. सात वर्षांत पाच हजार वेळा सुरू झालेली डिस्क, एकही सेक्टर खराब नाही. डेस्कटॉपच्या डिस्कवर कंपन्या सुरू-बंदची मर्यादा साधारण ५०,००० देतात. दिवसातून दोनदा बंद केली तरी तिथवर पोचायला साठ वर्षांच्या वर लागतील.

तपासताना गूगलच्या अभियंत्यांचा २००७ चा एक अभ्यास वाचला. एक लाखाहून जास्त डिस्कांचा. पहिल्या दोन वर्षांत सुरू-बंदच्या संख्येचा आणि डिस्क जाण्याचा त्यांना म्हणावा असा संबंध दिसला नाही. तीन वर्षांपुढच्या डिस्कांत मात्र जास्त वेळा सुरू-बंद झालेल्यांचं बिघडण्याचं प्रमाण दोन टक्क्यांहून थोडं अधिक वाढलेलं दिसलं. पण त्या सर्व्हरमधल्या डिस्का, एरवी अखंड चालणाऱ्या. तिथं जी सारखी बंद होते ती बहुधा आधीच दुरुस्तीला काढलेल्या मशीनमधली, हे त्यांनीच लिहिलंय. तेव्हा माझ्या घरच्या डिस्कला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

जंत्रीत आणखी एक ओळ होती, तिनं मला खिळवलं. क्रमांक सी०. वीज अचानक गेल्यामुळे डिस्कला डोकं घाईघाईनं मागे घ्यावं लागलं, असं किती वेळा झालं त्याची मोजणी. डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. नीट शट डाऊन केलं तर डोकं आधी बाजूच्या उतरणीवर जाऊन बसतं, मग तबकडी थांबते. वीजच गेली तर सांगायला कोणी नसतं. फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून मोटर क्षणभर जनित्रासारखी वीज देते आणि तेवढ्यावर डोकं खेचून घेतलं जातं.

माझा आकडा १३ई असा दिसला. हे सोळाच्या पाढ्यातलं लिखाण आहे, आपल्या पद्धतीत ३१८. सात वर्षांत तीनशे अठरा वेळा. यूपीएस असून! आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते तळकोकणातल्या कोणालाही सांगायला नको, पण ती अशी कुठं लिहून ठेवलेली असेल असं वाटलं नव्हतं.

उद्यापासून तीन दिवस रोज चार वेळा मुद्दाम नीट शट डाऊन करून बघणार, सी० हलतो का ते.

९ एप्रिल, बुधवार

सी० अजून ३१८. बारा शट डाऊन झाले, एकानंही वाढला नाही.

काल रात्री मात्र उशीर झाला म्हणून मशीन चालूच ठेवून झोपले. सकाळी पाहते तर सगळं बंद होऊन नव्यानं सुरू झालेलं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सिस्टिमचे अपडेट सुटतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. रात्रभर चालू मशीन ते उतरवून घेतं आणि कामाच्या वेळेबाहेर रीस्टार्ट होतं. कामाच्या वेळा कुठल्या, हे सेटिंगमध्ये भरायचं असतं. मी भरलं नव्हतं. हँडबिलाची एक बाजू पुन्हा लावावी लागली. आता सकाळी ८ ते रात्री १२ भरलंय.

१७ एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या प्रकाराचा आठवडा चालू आहे: काम संपलं की स्लीप. मला फार आवडलं. कळ दाबली की तीन सेकंदांत पडदा उजळतो, सगळ्या फायली जिथल्या तिथं, कर्सर अर्ध्या शब्दावर लुकलुकत. दुपारी भाताची शिट्टी झाली की उठायचं, परत येऊन पुढचं अक्षर.

काल रात्री बाबांनी सवयीनं बोर्डाचं बटण बंद केलं. त्यांची चूक नाही, पडदा काळा, पंखा थांबलेला, कोणालाही बंदच वाटेल. स्लीपमध्ये कॉम्प्युटर सगळं रॅममध्ये धरून ठेवतो आणि रॅमला ती बारीक धार अखंड लागते. बटण बंद झाल्यावर ती धार यूपीएसच्या बॅटरीतून सुरू राहिली. यूपीएस ओरडत राहिला, टीं, टीं, टीं. आम्ही मागच्या पडवीत झोपतो, तिथं पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. बॅटरी पार रिकामी झाली तेव्हा रॅमही रिकामी झाली.

गेलं काय? पत्रिकेचा सगळ्यात खालचा भाग. "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" आणि त्याखाली सतरा मुलांची नावं, कोणत्या क्रमानं यावीत यावर त्या घरात दोन दिवस चर्चा झालेली. मी ती फोनवर ऐकून थेट टाईप केली होती. सेव्ह केलं नव्हतं. आज सकाळी परत फोन करून परत क्रम विचारला. त्या बाईंनी समजून घेतलं, पण मला फार वाईट वाटलं. मुलांना पत्रिकेत तेवढीच एक ओळ स्वतःची असते.

सी० पाहिला: ३१८. स्लीपला जाताना डिस्कनं डोकं आधीच जागेवर ठेवलं होतं, त्यामुळे तिला धक्का नाही. काम गेलं, डिस्क वाचली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आज नीट समजलं.

२० एप्रिल, रविवार

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, डेस्कटॉपवर असं व्हायला नको. त्यात हायब्रिड स्लीप असतं." हायब्रिड स्लीपमध्ये कॉम्प्युटर झोपण्याआधी रॅममधलं सगळं डिस्कवरही उतरवतो. वीज गेली तरी डिस्कवरून परत उभं करता येतं.

माझ्याकडे ते बंद होतं. एसएसडी बसवताना जागा वाचावी म्हणून हायबरनेशनच, म्हणजे रॅममधलं डिस्कवर उतरवून ठेवायची सोयच, काढून टाकलेलं. ते काढलं की हायब्रिड स्लीपही जातं. कमांडच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, मग तिरकी रेघ आणि एच, मग ऑन असं लिहून एंटर मारलं. लगेच सी ड्राईव्हवर हायबरफिल नावाची सव्वातीन जीबीची फाईल तयार झाली. तेवढी जागा मी आनंदानं देते.

चाचणी: फाईल उघडी, न सेव्ह केलेली चार वाक्यं, स्लीप. भिंतीचं बटण बंद, यूपीएसचं बटण बंद. पाच मिनिटं थांबले. परत सगळं चालू केलं. अठरा सेकंदांत चारही वाक्यं समोर.

या झोपांना रीतसर क्रमांक आहेत, तेही मुलीनंच सांगितलं. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचा नियम केला, त्यात एस-थ्री म्हणजे रॅमवरची झोप, एस-फोर म्हणजे डिस्कवर सगळं ठेवून घेतलेली झोप आणि एस-फाईव्ह म्हणजे शट डाऊन. बाबांचं भिंतीचं बटण यांच्याही पलीकडचं आहे. घड्याळ चालवणारा शिक्क्याएवढा सेल तेवढा जागा राहतो.

२७ एप्रिल, रविवार

हिशेब. स्लीपचा आठवडा: ४.७ युनिटं. (मधे १७ तारखेमुळे एक दिवस जास्त घेतला.)

आजपासून तिसरा प्रकार, शट डाऊन करून भिंतीचं बटणही बंद. यूपीएसचं पुढचं बटण आधी बंद करायचं, मग भिंतीचं. उलट केलं तर तो बॅटरीवर उठून ओरडायला लागतो.

१ मे, गुरुवार

मुलगी सुट्टीला आली. तिला घरचा कॉम्प्युटर पुण्यातून उठवता यावा असं वाटतं. ते जमतं, वेक ऑन लॅन म्हणतात: नेटवर्कवर एक ठरावीक निरोप जातो, त्यात मशीनचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो, आणि झोपलेलं नेटवर्क कार्ड तो ओळखून मशीन उठवतं. तिनं घरातल्या घरात फोनवरून करूनही दाखवलं. पण त्यासाठी राऊटर आणि यूपीएस रात्रंदिवस चालू हवेत, आणि तिला लागणाऱ्या फायली एका पेन ड्राईव्हवर मावल्या. हा विषय इथं संपवला.

४ मे, रविवार

तिसरा आठवडा: ३.४ युनिटं.

आता तिन्ही शेजारी मांडते. अखंड चालू ९.३, स्लीप ४.७, भिंतीतून बंद ३.४. नुसतं शट डाऊन करून यूपीएस चालू ठेवला तर, वॅटवरून हिशेब केला, ४.६ येतात. म्हणजे स्लीप आणि शट डाऊन यांत आठवड्याला जेमतेम ०.१५ युनिटाचा फरक! लोक ज्यावर भांडतात तो फरक वर्षाला आठ युनिटांच्या आसपास.

बिलात हे कसं बसतं ते लिहून ठेवते. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी चढतात, पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ पासून आणखी. आमचं बिल दोनशेच्या वर असतं, तेव्हा वाचलेलं प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यातलं. विद्युत आकार, वहन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून मला ते साडेतेरा रुपयांना पडतं. बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागली तर दर कमी दिसतो, पण वाचणारं युनिट सरासरीचं नसतं.

साडेतेराच्या दरानं अखंड चालू ठेवणं स्लीपपेक्षा वर्षाला ३,२०० रुपयांनी महाग. स्लीप शट डाऊनपेक्षा शंभर-सव्वाशे रुपयांनी. आणि भिंतीचं बटण बंद केल्यानं वाचतात साधारण आठशे, ते जवळजवळ सगळे यूपीएसचे. बाबांना हा शेवटचा आकडा वाचून दाखवला. सात वर्षांचे साडेपाच हजार त्यांनी बोटांवर मोजले.

६ मे, मंगळवार

एक विचित्र अनुभव. टाईप करताना काही जोडाक्षरांच्या वेलांट्या सरकून शेजारच्या अक्षरावर बसायला लागल्या. शट डाऊन करून परत चालू केलं, तसंच. तीनदा केलं, तसंच. टास्क मॅनेजर उघडला तर अप टाइम तेरा दिवस! मी रोज रात्री भिंतीतून बंद करतेय आणि मशीन म्हणतंय तेरा दिवस झाले मी सलग चालू आहे.

कारण २० एप्रिलचं. हायबरनेशन चालू केलं की फास्ट स्टार्टअपही आपोआप चालू होतं. २०१२ पासून विंडोजमध्ये शट डाऊन म्हणजे पूर्ण शट डाऊन नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालतो. गाभ्यात काही अडकलेलं असेल तर तेही उचललं जातं. रीस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून. रीस्टार्ट केलं, वेलांट्या जागेवर.

म्हणून "बंद करून चालू करा" हा सल्ला आता अपुरा आहे. कोणी विचारलं तर मी "रीस्टार्ट करा" असंच सांगणार. फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकली. सुरू व्हायला चौदाच्या जागी चोवीस सेकंद लागतात, देवासमोर दिवा लावून येईपर्यंत झालेलं असतं.

२१ मे, बुधवार

मे महिन्यात असा पाऊस मी पाहिला नव्हता. काल दुपारपासून ओतत आहे. आंब्याच्या पेट्या पडवीत, कोकमं वाळायची राहिली. आणि लाईट. जायची तर जाऊन बसत नाही, लपलपते. गेली, आली, गेली, आली, मिनिटभरात चारदा.

संध्याकाळी काम करताना यूपीएसनं टीं म्हटलं आणि लगेच सगळं काळं. १६ एप्रिलच्या रात्री बॅटरी तळापर्यंत रिकामी झाली होती, ते शिशाच्या बॅटरीला सोसत नाही. पूर्वी अकरा मिनिटं मिळायची, आता अकरा सेकंदही नाहीत. परत चालू करून काम सुरू केलं, पुन्हा तेच. सी० पाहिला: ३२०. दोन वाढले.

दुरुस्तीवाल्या मुलाकडे बॅटरी सांगायला गेले तेव्हा त्याच्या टेबलावर उघडे सप्लाय पडले होते, पाच-सहा. सगळे याच दोन दिवसांतले. त्याला विचारलं, रात्री नीट बंद केल्यानं गेलेले यातले किती? तो थांबला, विचार केला, म्हणाला, "तसे नाहीत वहिनी. हे लाईट येता-जाता गेले."

मग त्यानंच एक सप्लाय उचलून आतली काळ्या बटणासारखी चकती दाखवली. थर्मिस्टर. थंड असताना तिचा रोध जास्त, त्यामुळे बटण दाबताक्षणी आत घुसणारा लोंढा ती अडवते. मग तापते आणि वाट मोकळी करते. सकाळी थंड मशीन सुरू करताना ती आपलं काम चोख करते. पण लाईट जाऊन दोन सेकंदांत परत आली तर ती अजून गरमच असते, वाट उघडी, आणि आतले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बरेचसे रिकामे झालेले. लोंढा थेट आत. तिच्यावर बोट ठेवून तो मला हे समजावत होता, आणि मला वाटलं, याला हे सगळं आधीपासून माहीत आहे. चालूच ठेवा हा सल्ला त्याच्याही कानावर कुठून तरी आलेला असणार. पिवळे बल्ब लावताक्षणी जायचे, थंड तारेतून लोंढा शिरायचा, ते सगळ्यांनी पाहिलेलं. कॉम्प्युटरलाही लोकांनी तोच न्याय लावला असावा.

मी इतके दिवस बंद करणं आणि बंद पडणं एकाच खात्यात लिहीत होते.

२४ मे, शनिवार

बॅटरी अजून आलेली नाही. आज पुन्हा एकदा: सी० ३२१. त्यानंतर मशीनला हात लावला नाही, लाईट लपलपायला लागली की पिनच काढून ठेवते. बाबा गडगडाट ऐकला की स्वतः उठून राऊटरची पिन आणि मशीनमागची लॅनची वायरही काढतात. वायरीतूनही येतं हे त्यांना सांगितल्यापासून. आकाशातल्या विजेपुढे यूपीएस काही करू शकत नाही, पिन काढून मध्ये नुसती हवा ठेवलेली बरी. वाडीतल्या एका घरात कालच राऊटर गेला.

२८ मे, बुधवार

१२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी बसवली, साडेनऊशे रुपये. मोसमी पाऊस २५ तारखेलाच पोचला आहे, आता चार महिने हेच.

१५ जून, रविवार

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. बिलाच्या हिशेबानं मशीन जितकं बंद तितकं चांगलं, पण आमच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. मागच्या हंगामात शेजारी तीन आठवडे बंद ठेवलेलं मशीन उघडलं तर आत मुंग्यांनी घर केलं होतं आणि रॅमचे सोनेरी दात काळवंडलेले.

बाळाच्या खोलीत ठेवतात तसा छोटा आर्द्रतामापक डब्याच्या आत ठेवला. खोलीत २७ अंश, ८८ टक्के. मशीन बंद: आत ८६ टक्के. स्लीप: ८४, म्हणजे स्लीपचा इथं उपयोग नाही. तासभर चालवल्यावर: ३६ अंश, ५३ टक्के. हवेतलं पाणी तेवढंच, पण गरम हवेला ते कमी वाटतं. धुळीवर ओल बसून वीज वाहायला लागते ती या कोरड्यात बसत नाही.

म्हणून पावसात काम नसलं तरी रोज सकाळी तासभर चालवायचं ठरलं. ०.०७ युनिट, एक रुपयाहून कमी. धूळ कोरड्या ब्रशनं महिन्यातून एकदा.

२२ जून, रविवार

सकाळी मशीन सुरू केलं तर तारीख १ जानेवारी २०१८. बँकेची साईट उघडेना, सुरक्षित नाही म्हणते. घड्याळाचा सेल संपला. भिंतीत पिन असली की घड्याळ त्या बारीक धारेवर चालतं, भिंतीतून बंद केलं की सेलवर. रोज रात्री बंद करण्याची ही एक खरी किंमत आहे, पण सात वर्षांनी चाळीस रुपये. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. स्वतः बदलला. सपाट बाजू वर.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

ठरलेली पद्धत लिहून बोर्डाशेजारी चिकटवली. मोठ्या अक्षरात, बाबांच्या चष्म्याला दिसेल अशी. दिवसा जेवणाखाण्याला उठताना स्लीप. रात्री सेव्ह, शट डाऊन, मग यूपीएसचं बटण, मग भिंतीचं. गडगडाट झाला तर पिन आणि वायर दोन्ही काढायच्या, फाईल उघडी असली तरी. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. पावसात सकाळी एक तास.

बाबांनी कागद वाचला आणि एकच विचारलं, यूपीएसचं बटण आधी का. १६ एप्रिलच्या रात्रीचं सांगितलं. रात्री साडेदहाला मी आत भांडी आवरत होते तेव्हा त्यांचा आवाज आला, "सेव्ह केलंस मा गो?" मी हो म्हटल्यावर दोन बटणांचा आवाज आला, आधी मऊ, मग खटकन.

सी०: १४१. म्हणजे ३२१. २४ मेपासून तिथंच आहे.